हद्द कायम

अर्ज आला, तातडीच्या फीसह:
जयंती नाल्याच्या काठची मिळकत,
हद्द कायम करून मिळणेबाबत.
रोव्हर, तिपाई, पंचनाम्याचे कोरे कागद घेऊन निघाले.
शिपाई सदू म्हणाला, मॅडम, बूट घाला,
काचा असत्यात तिथं.

तीन कोपरे सरळ सापडले.
चौथ्याला खुंटीसाठी पहार मारली
तर पांढरं उडालं.
सदूला वाटलं, जुना गिलावा.
मी वाकून चिमटीत धरलं.
चुना.
कातड्यावरचे केस काढायचा.

हे मोजणीच्या परीक्षेत नव्हतं.
मलकाप्पा आज्जाच्या हातांवर बघितलंय,
मनगटापर्यंत, जिथं
पासष्ट वर्षांत एक केस फिरकला नाही.

रेकॉर्ड रूममध्ये दोन दुपारी घालवल्या.
कापडी नकाशे, वाळवीनं खाल्लेल्या कडा.
आमच्या गल्लीचं शीट नाही.
एकशे बारा उंबरे, सात कुंडं,
हिरडा कुटायचं उखळ, कक्कय्याचं बुटकं देऊळ,
कुठल्याच चौकटीत नाही.

सापडलं ते शेजाऱ्यांच्या खरेदीखतांत.
पूर्वेस: ढोरांची कुंडे.
दक्षिणेस: ढोरवाड्याकडे जाणारी वाट.
एका सावकाराच्या वाटणीपत्रात
उत्तरेस: दुर्गंधीची जागा.
एवढंच होतो आम्ही कागदावर.
दुसऱ्याचं जिथं संपायचं, तिथले.

ठराव अर्ध्या पानाचा.
एकोणसाठ साल, आरोग्यास बाधक सबब,
मुदत पंधरा दिवस,
त्यातले नऊ दवंडी पोचण्याआधीच सरलेले.
गाड्या आल्या त्या कचऱ्याच्या.
गंगव्वानं हिरड्याची पोती आधी चढवली, मग पोरं.
अकरा कातडी कुंडातच राहिली.
चाळीस दिवसांचं कातडं
सतराव्या दिवशी कोण उपसणार?

टेंबलाईच्या पलीकडं माळावर
फक्कीनं आखलेले चौकोन होते.
तोही चुनाच.
दर चौकोनात एक घर उतरवलं.
नळ एक, पाणी दिवसाआड,
आणि कातडं तर पाण्याशिवाय कमावत नाही.
मग काय. कमावणं सुटलं.
मद्रासचं तयार कातडं गठ्ठ्यांनी येऊ लागलं,
आमच्याकडं राहिली आरी, वादी आणि पाठीची कमान.
चप्पल मात्र शहराचं नाव झाली.
महाद्वार रोडला काचेत बसली,
विंचू घातलेली, कर्रकर्र वाजणारी.
तिला वास येत नाही म्हणे.

संध्याकाळी पुडीतून चुना नेला आज्जाला.
दिसत नाही त्याला आता. जिभेवर टेकवला,
थुंकला, म्हणाला, तिसरं कुंड.
कसं काय?
तिसऱ्यात बाबा राख जास्त घालायचा.
मग बराच वेळ काही नाही.
बाहेर कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला.
नाल्याला वास येतोय काय गं अजून?
येतोय की, म्हटलं. गावाचं ड्रेनेज पडतंय त्यात.
बोळकं पसरून हसला.
मग गावाला कुटं हलवत्यात?

माळाच्या तिन्ही बाजूंनी आता सात मजली उभे आहेत.
त्यांच्या बाल्कन्यांतून तक्रारी येतात,
सोल्यूशनचा वास, ठोकाठोकीचा आवाज.
आमच्या वस्तीचा मोजणी अर्ज
गेल्या सोमवारी टेबलावर पडला.
अर्जदार आम्ही नाही.

नाल्याकाठचा पंचनामा पुरा करून दिला.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चौथ्या खुंटीखाली चुना. कुंड असावे.
साहेबांनी 'असावे'खाली लाल रेघ ओढली,
पुरावा? एवढंच लिहिलं समासात.

पुडी माझ्या ड्रॉवरात आहे,
स्टॅम्प पॅडच्या मागं.
आवक क्रमांक पडलेला नाही.